जुन्या मराठी पुस्तकाचे ई-पुस्तक करताना

मराठीत ई-पुस्तक म्हणून जे हाती येते ते पुष्कळदा छापखान्यात पाठवलेल्या पानांचे पीडीएफ असते. पान कुठल्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे आणि तसेच छापले जावे, यासाठी ॲडोबीने १९९३ साली हे स्वरूप आणले, आणि नेमका हाच गुण फोनवर वाचणाऱ्याच्या मुळावर येतो. डेमी आकाराचे पान तळहाताएवढ्या पडद्यावर मावत नाही; अक्षर मोठे करावे तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि वाचक दर ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसतो. खऱ्या अर्थाने ज्याला ई-पुस्तक म्हणता येईल त्यातील मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आणि वाचकाने निवडलेल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे आपोआप ओळींत बसतो. यासाठी २००७ पासून ईपब हे खुले प्रमाण उपलब्ध आहे आणि आज त्याची देखभाल वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था करते.

पुढील मार्गदर्शन छोटे प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक, स्वतःची पुस्तके पुन्हा वाचकांपुढे आणू पाहणारे लेखक आणि लेखकांचे वारस यांच्यासाठी आहे. त्यांच्याकडे सहसा दोहोंपैकी एक गोष्ट असते: १९९० नंतरच्या काळात संगणकावर जुळवलेल्या पुस्तकाच्या फायली, किंवा नुसतीच छापील प्रत. दोन्ही प्रसंगी कामाचा मोठा वाटा मजकूर शुद्ध युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणण्यात जातो. ईपब बांधण्याचे काम त्या मानाने किरकोळ आहे आणि त्यासाठीची चांगली साधने फुकट मिळतात. म्हणून ‘कोणते सॉफ्टवेअर वापरू?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठातील संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभा राहिला. तो मजकूर आज पन्नास वर्षांनंतरही कुठल्याही यंत्रावर उघडतो, कारण त्यात केवळ अक्षरांचे सर्वमान्य संकेत आहेत, पानाचे रूप नाही. आपल्याकडे मात्र १९९५ साली जुळवलेली मराठी फाइल उघडली की रोमन अक्षरे, चिन्हे आणि चौकोन यांची खिचडी दिसते.

हक्कांची कागदपत्रे

मजकुराला हात लावण्यापूर्वी हक्कांचा निकाल लावावा. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा असून लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही वर्षे मृत्यूनंतरच्या पहिल्या जानेवारीपासून मोजली जातात. त्यामुळे १९६४ साली निधन झालेल्या लेखकाचे असे लेखन १ जानेवारी २०२५ पासून सर्वांना खुले झाले. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या लेखनासाठी मात्र ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, आणि लेखकाच्या पश्चात निघालेली पत्रे किंवा रोजनिशी असेल तर येथेच गफलत होते.

हक्क चालू असतील तर जुन्या करारावर विसंबू नये. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो करार त्या माध्यमाला लागू होणार नाही, असे तत्त्व २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. १९८८ च्या करारातील ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ हे वाक्य ई-पुस्तकाच्या बाजूने ओढूनताणून लावण्यापेक्षा लेखकाकडून किंवा सर्व वारसांकडून नवे संमतिपत्र घेणे सोपे आणि सभ्यपणाचे आहे. त्यात माध्यम, मुदत, प्रदेश आणि मानधनाची टक्केवारी लिहावी. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच धरतो. अमेरिकेतील किंवा आखातातील मराठी वाचकाला पुस्तक विकायचे असेल तर ही दुसरी त्रुटी महागात पडते. मुखपृष्ठाचे चित्र, आतील रेखाटने, प्रस्तावना आणि अनुवाद यांचे हक्क वेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात, त्यांचीही संमती घ्यावी. मुखपृष्ठाची संमती मिळत नसेल तर नवे मुखपृष्ठ करून घ्यावे.

जुन्या फायलींतून युनिकोड

देवनागरीला १९९१ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि विंडोज २००० पासून ती सामान्य संगणकावर युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागली; पण मराठी अक्षरजुळणी त्याआधीच पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर स्थिरावली होती आणि पेजमेकरला युनिकोड कधीच कळले नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम प्रणाली, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटच्या प्रत्येक घराण्याने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या पद्धतीने बसवले. ‘क’ कोणत्या जागी आणि अर्धा ‘ष’ कोणत्या जागी याचा एकमेकांशी मेळ नव्हता. इतकेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या फाँटमालिकांतही फरक असे. म्हणून पहिले काम म्हणजे फाइल नेमक्या कोणत्या फाँटमध्ये आहे ते शोधणे. मूळ डीटीपी (संगणकावरील अक्षरजुळणी) करणारा भेटला तर फाँटचे नाव आणि फाँटची फाइल दोन्ही त्याच्याकडून मिळवावीत. नाव कळल्यावर त्या मालिकेसाठी असलेला परिवर्तक, म्हणजे जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन, वापरावा आणि आधी एकाच प्रकरणावर प्रयोग करावा.

परिवर्तक काय बिघडवतो हे कळण्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराआधी, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार दिसतो अक्षरानंतर, पण त्याचा ‘र्’ आधी येतो. परिवर्तकाने हा क्रम नीट उलटवला नाही तर ‘किंवा’चे ‘िकंवा’ आणि ‘कार्य’चे ‘कायर्’ होते. ही चूक निदान डोळ्यांना खुपते. पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवला तरीही असाच गोंधळ होतो, म्हणून मूळ फाइल मिळत असताना पीडीएफमधून मजकूर काढण्याच्या मोहात पडू नये.

डोळ्यांना न खुपणारी चूक अधिक घातक असते. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे निराळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे निराळे. अनेक परिवर्तक सगळ्याच ठिकाणी रफार देतात आणि शुद्धलेखन तपासणारे साधन दोन्ही शब्द बरोबर मानून पुढे जाते. यावर उपाय असा: ‘र्ह’ जिथे जिथे येते तिथे सरसकट ‘ऱ्ह’ करून टाकावे, कारण वऱ्हाड, कऱ्हाड, बिऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा अशा शब्दांचीच मराठीत चलती आहे. त्यानंतर ‘अर्हता’, ‘गर्हणीय’ यांसारखे मोजके संस्कृत शब्द परत दुरुस्त करावेत. ‘र्य’च्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण कार्य, सूर्य, धैर्य, पर्याय हे एका बाजूला आणि शेतकऱ्यांना, पायऱ्या, दुसऱ्या, खऱ्या हे दुसऱ्या बाजूला, अशी दोन्हीकडे दाटी आहे. तेथे ‘शोधा’ची कळ दाबत प्रत्येक जागा डोळ्यांखालून घालावी. काम कंटाळवाणे आहे, पण कादंबरीएवढ्या मजकुराला एक निवांत दुपार पुरते आणि तेवढ्याने पुस्तकाची अब्रू वाचते.

असेच आणखी काही सापळे आहेत. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम वापरण्याची सवय टंकलेखन यंत्राच्या काळापासून चालत आली आहे. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ छापील पानावर जवळजवळ सारखे दिसतात, पण शोध घेताना पहिला शब्द सापडत नाही आणि ओळीच्या शेवटी तो मधूनच तुटू शकतो. ‘ॲ’ हे अक्षर २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले; त्याआधीचा मजकूर ‘अ’ आणि चंद्र असे दोन संकेत जोडून लिहिलेला असतो. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि समान अक्षराची वेगवेगळी लेखने एकरूप करणाऱ्या युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या प्रक्रियेनेही त्या एक होत नाहीत. एक पद्धत ठरवून दुसरी बदलून टाकावी. जोडाक्षर जोडण्यासाठी किंवा तोडण्यासाठी घातलेली अदृश्य चिन्हे अनेक फायलींत विनाकारण पडून असतात, तीही गाळावीत. मुद्दाम हलन्त रूप दाखवायचे असेल किंवा ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ त्यांच्याच आधारे लिहिलेले असतील तेथे मात्र ती ठेवावीत. ओव्या आणि अभंग असलेल्या पुस्तकांत दंडाच्या जागी उभी रेघ किंवा चक्क काना टंकलेला आढळतो. अंकांचा निर्णयही एकदाच करावा: देवनागरी तर सर्वत्र देवनागरी.

छापील प्रतच हाती असेल तेव्हा

पाने ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके), सरळ आणि सावली न पडता स्कॅन करावीत. टेसरॅक्ट हे मुक्त साधन चित्रातील मराठी अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देते आणि गूगल ड्राइव्हमध्ये चित्र टाकून ते डॉक्सने उघडल्यासही मजकूर मिळतो. स्वच्छ ऑफसेट छपाईच्या पुस्तकावर या साधनांचा निकाल आता चांगला लागतो. खिळ्यांच्या छपाईचे, शाई पसरलेले जुने पुस्तक मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ यांची अदलाबदल करून देते आणि अनुस्वार गिळते. फारच वाईट प्रत असेल तर कुशल टंकलेखकाकडून मजकूर नव्याने टंकून घेणे स्वस्त पडते, कारण चुकांनी भरलेला मजकूर सुधारण्याचे कष्ट टंकण्याहून अधिक असतात.

१९६२ पूर्वीच्या पुस्तकांपुढे एक संपादकीय प्रश्न उभा राहतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नव्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असेच लिहिले जाई. माझे मत असे, की लेखन मुळाबरहुकूम ठेवावे आणि तसे ठेवल्याची नोंद आरंभी करावी. विद्यार्थ्यांसाठी किंवा सामान्य वाचनासाठी आवृत्ती काढायची असेल तर नव्या नियमांप्रमाणे बदलण्यास हरकत नाही, पण तेही स्पष्ट सांगावे. काही अनुस्वार राहिले आहेत आणि काही गेले आहेत, अशी मधली अवस्था सर्वांत वाईट. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ती हमखास उद्भवते.

मुद्रितशोधन छापील प्रतीशी ताडूनच करावे. एकाने छापील पान मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावे, ही जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे. यंत्राने गाळलेली संपूर्ण ओळ एकट्याने वाचताना ध्यानात येत नाही, कारण वाक्य बहुधा कसेबसे जुळते.

बांधणी

शुद्ध झालेला मजकूर लिब्रेऑफिस रायटरमध्ये घ्यावा आणि प्रकरणांच्या शीर्षकांना ‘शीर्षक १’ ही शैली, उपशीर्षकांना ‘शीर्षक २’ ही शैली द्यावी. शीर्षक नुसते ठळक आणि मोठे करून भागत नाही. अनुक्रमणिका या शैलींवरूनच तयार होते. नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून एंटरची कळ वारंवार दाबण्याची डीटीपीच्या काळातील सवय सोडावी, परिच्छेदाच्या सुरुवातीचे अंतर मोकळ्या जागा टंकून देऊ नये आणि कवितेच्या ओळी परिच्छेद न मोडता ओळ मोडूनच लिहाव्यात. मग फाइल ईपब म्हणून निर्यात करावी आणि सिजिल या मुक्त संपादकात उघडावी. ईपब म्हणजे संकेतस्थळांसाठी वापरतात तशाच पानांचे झिप केलेले गाठोडे असते, त्यामुळे आत काय चालले आहे ते सिजिलमध्ये उघड दिसते आणि दुरुस्त करता येते.

तेथे सर्वांत आधी पुस्तकाची भाषा मराठी असल्याची खूण, म्हणजे ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन छोटी रोमन अक्षरे, पुस्तकाच्या माहितीत आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर आहेत याची खात्री करावी. ही खूण नसेल किंवा हिंदीची असेल तर दोन गोष्टी बिघडतात. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात त्यात ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात; आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनसाधन मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी किंवा चक्क इंग्रजीच्या आवाजात वाचू लागते. शुद्ध युनिकोड मजकूर, शैलींतून दिलेली शीर्षके, चित्रांचे शब्दांत वर्णन आणि ही भाषेची खूण एवढे असले, की पुस्तक दृष्टिहीन वाचकाला बऱ्याच अंशी खुले होते. अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या प्रती काढताना येणारे कॉपीराइटचे अडथळे दूर करणारा मराकेश करार २०१३ साली झाला आणि त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, हे येथे आठवणीने नोंदवावेसे वाटते, कारण आपल्या प्रकाशनव्यवहारात त्याचा मागमूस फारसा दिसत नाही.

फाँट पुस्तकात अंतर्भूत करायचा असेल तर त्याचा परवाना तपासावा. छपाईसाठी विकत घेतलेला फाँट ई-पुस्तकात घालण्याची मुभा असतेच असे नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला ‘मुक्त’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ हे खुल्या परवान्याचे फाँट निर्धास्तपणे वापरता येतात. ओळींमधील अंतर अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवू नये, अन्यथा वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत शिरतात. मजकूर दोन्ही कडांना घट्ट बसवण्याचा आग्रहही सोडावा. मराठीत सामासिक शब्द आणि प्रत्यय लागून लांबलेली रूपे पुष्कळ असल्यामुळे अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भगदाडे पडतात. प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौस तर कटाक्षाने टाळावी, कारण ‘क्ष’ किंवा ‘प्रि’ने सुरू होणारे प्रकरण आले की काही साधने जोडाक्षराचे तुकडे करतात.

तळटीपा दुव्यांनी जोडाव्यात. शेवटच्या नामसूचीतील पृष्ठांक ई-पुस्तकात निरर्थक ठरतात. सूची महत्त्वाची असेल तर ईपब ३ मध्ये छापील आवृत्तीच्या पृष्ठांकांच्या खुणा मजकुरात पेरण्याची सोय आहे. संशोधनपर ग्रंथासाठी ती जरूर करावी, म्हणजे संदर्भ देणाऱ्याला छापील पान सांगता येते. कादंबरीसाठी एवढे कष्ट घेण्याची गरज नाही.

तयार फाइल ईपबचेक या साधनातून काढावी आणि त्याने दाखवलेली प्रत्येक चूक मिटवावी. मग ती स्वस्तातल्या एखाद्या जुन्या अँड्रॉइड फोनवर, ॲमेझॉनच्या किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये आणि शक्य असल्यास ॲपल बुक्समध्ये उघडून पाहावी. एका ठिकाणी सुरेख दिसणारे जोडाक्षर दुसऱ्या ठिकाणी पाय मोडून उभे असते. अखेरचे वाचन फोनवरच करावे, कारण वाचक तेथेच वाचणार आहे.

विक्री, कर आणि चोरी

छापील पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, ई-पुस्तकाला लावू नये. प्रत्येक स्वरूपाला वेगळा क्रमांक लागतो आणि भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम यांच्याबरोबर अधिकृतपणे आली. तेथे स्वतः पुस्तक चढवताना ‘सिलेक्ट’ योजनेची अट नीट वाचावी: त्यात नाव घातले की ९० दिवस तेच ई-पुस्तक इतरत्र कुठेही, बुकगंगावर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावरही, देता येत नाही. नवोदित लेखकाला ती परवडते. ज्या प्रकाशकाचा स्वतःचा ग्राहकवर्ग आहे त्याने ती घेऊ नये, असे मला वाटते. पुस्तकाचे व लेखकाचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतही नोंदवावे, आणि रोमन स्पेलिंग सर्व पुस्तकांवर एकच ठेवावे. परदेशातील मराठी वाचक बहुधा रोमन लिपीतच शोध घेतो, आणि टपालखर्च पुस्तकाच्या किमतीवर जात असल्यामुळे ई-पुस्तकाची खरी गरजही त्यालाच असते.

छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर मात्र आहे. आरंभी तो १८ टक्के होता आणि ज्यांची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकांसाठी जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला. किंमत ठरवण्यापूर्वी चालू दर करसल्लागाराला विचारून घ्यावा.

चोरीची भीती सर्वांनाच असते आणि ती खोटी नाही. पीडीएफ एकदा व्हॉट्सॲपवर गेले की आवरत नाही. कुलूपबंद फाइलचा जाच मात्र मुख्यतः पैसे मोजलेल्या वाचकाला होतो, कारण चोराला छापील पाने स्कॅन करायला कोणी अडवत नाही. स्वतः विक्री करताना प्रत्येक प्रतीवर खरेदीदाराचे नाव उमटवणे हा मधला मार्ग मला बरा वाटतो. मुद्रितशोधनासाठी किंवा परीक्षणासाठी छपाईचे पीडीएफ बाहेर पाठवताना मात्र दहादा विचार करावा.

जतन

१९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ठिकाणी जमा होते. पण तो कायदा छापील पुस्तकांपुरता लिहिलेला असल्याने केवळ ई-स्वरूपात निघालेले पुस्तक कोठेही आपोआप जमा होत नाही. ते सांभाळण्याची जबाबदारी प्रकाशकाचीच राहते. विक्री केंद्रावर फाइल आहे म्हणजे ती जपली गेली असे समजू नये. ॲमेझॉनने वर्षानुवर्षे स्वीकारलेले मोबी हे स्वरूप ओळी आपोआप बसणाऱ्या पुस्तकांसाठी २०२१ साली घेणे बंद केले आणि ज्यांच्याजवळ तेवढीच फाइल होती त्यांची धावपळ झाली. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये शुद्ध केलेला युनिकोड मजकूर, अंतिम ईपब, मुखपृष्ठाचे मोठ्या आकाराचे चित्र, फाँट आणि त्याचा परवाना, संमतिपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि जुन्या फाँटमधील मूळ फाइलही ठेवावी, आणि या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. वाचकांनी कळवलेल्या चुका आधी युनिकोड मजकुरात दुरुस्त कराव्यात, मग नवे ईपब तयार करावे आणि श्रेयपृष्ठावर दुरुस्तीची तारीख घालावी. थेट ईपबमध्ये डागडुजी करत गेल्यास वर्षभरात कोणती प्रत खरी हे प्रकाशकालाही सांगता येत नाही.